मांजराचें लोंबतें पोट

ज्या घरांत मांजर आहे त्या घरांत सायंकाळचा एक देखावा नेहमीं दिसतो. दिवसभर झोंप काढून मांजर उठतें, पाठीची कमान करून आळस देतें, आणि स्वयंपाकघराकडे लगबगीनें निघतें. तें चालूं लागलें कीं त्याच्या मागच्या पायांच्या पुढें, पोटाखालीं, कातड्याची एक सैल घडी डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे हेलकावे घेते. पाहणाऱ्यांपैकीं एकजण म्हणतो, मांजर लठ्ठ झालें. दुसरा म्हणतो, मांजरीला दिवस गेले असतील. तिसऱ्यास वाटतें, जंत झाले. चौथा सांगतो, नसबंदीच्या शस्त्रक्रियेनें पोट ओघळलें. चौघांचीं चार मतें होतात, आणि चारही मतें बहुधा चुकीचीं असतात. ही चूक नुसती बोलण्यापुरती राहिली असती तर तिच्याविषयीं कांहीं सांगण्याचें कारण नव्हतें. परंतु तिच्या पोटीं कधीं कधीं मांजराचा प्राण धोक्यांत येतो, म्हणून ही घडी म्हणजे काय याची फोड करणें अगत्याचें आहे.

उदाहरणादाखल एक घर डोळ्यांपुढें आणावें. पुण्याच्या एका पेठेंत जुना वाडा पाडून उभारलेल्या इमारतींत, चौथ्या मजल्यावर, चार माणसांचें एक कुटुंब राहतें. घरांत आजी आहेत, त्यांचा मुलगा व सून आहेत, आणि महाविद्यालयांत शिकणारा नातू आहे. नातवानें पावसाळ्यांत जिन्याखालीं सांपडलेलें एक पिल्लू वर आणलें. सहा महिन्यांचें होतांच त्याची नसबंदी झाली, आणि पुढें पांच वर्षांत त्याचा सहा किलो वजनाचा तांबूस बोका झाला. डॉक्टरीणबाईंनीं सांगितलें कीं, याचें वजन साडेचार किलोपर्यंत उतरलें पाहिजे, पण सावकाश. घरच्यांनीं सात महिने नेटानें पथ्य सांभाळलें. बोका चार किलो सहाशें ग्रॅमवर आला. तो पुन्हां कपाटावर उड्या मारूं लागला, पाठीपर्यंत जीभ पोंचवून अंग चाटूं लागला. परंतु पोट मात्र पूर्वीपेक्षांही अधिक लोंबूं लागलें. नातवास वाटलें, चरबी अजून शिल्लक आहे. आजींना वाटलें, लेकरूं वाळलें. या दोन समजुतींतून त्या घरांत पुढें जें घडलें तें सांगण्यापूर्वीं त्या घडीचा विचार करणें बरें.

मांजराच्या पोटाखालची ही घडी हा रोग नव्हे, व्यंग नव्हे, आणि बहुतेक वेळां लठ्ठपणाही नव्हे. ती कातडें व थोडी चरबी यांची बनलेली असते व मागच्या पायांकडे अधिक ठळक दिसते. नर व मादी, नसबंदी झालेलें व न झालेलें, बारीक व जाड, अशा सर्व मांजरांत ती असूं शकते. पिल्लूं साधारण सहा महिन्यांचें झालें कीं ती दिसूं लागते. नसबंदीही त्याच सुमारास होत असल्यामुळें लोक एकीचें कारण दुसरीस चिकटवितात. कावळा बसायला आणि फांदी मोडायला, असाच हा प्रकार आहे.

हें केवळ पाळीव मांजराचेंच वैशिष्ट्य आहे असेंही नाहीं. पाळीव मांजर आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजरापासून उत्पन्न झालें आहे, आणि त्याच्या गोत्रांतल्या मोठ्या प्राण्यांतही ही घडी आढळते. सिंहाच्या व वाघाच्या पोटाखालीं ती स्पष्ट दिसते. चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोब्याच्या जंगलांत वाट ओलांडून जाणारा वाघ ज्यांनीं बाजूनें पाहिला आहे त्यांना त्याच्या पोटाखालीं झुलणारें कातडें आठवत असेल. तो वाघ कांहीं सुस्तावलेला नसतो. इजिप्शियन माऊ नांवाच्या मांजराच्या जातीचे जे आदर्श गुण जाणकारांनीं लिहून ठेवले आहेत, त्यांत कुशीपासून मागच्या गुडघ्यापर्यंत पोंचणाऱ्या सैल कातड्याचा उल्लेख आवर्जून आहे. आणि ही जात धांवण्याबद्दल प्रसिद्ध आहे. बेंगाल नांवाच्या जातींतही अशी घडी नेहमीं दिसते. तेव्हां लोंबतें पोट आणि आळस यांचा संबंध जोडणें किती फसवें आहे हें उघड होतें.

या घडीचा उपयोग काय, याविषयीं तीन तर्क केले जातात. पहिला तर्क लढाईचा आहे. दोन मांजरें झुंजतांना पुढच्या पायांनीं एकमेकांस कवटाळतात व मागच्या पायांच्या नखांनीं प्रतिस्पर्ध्याचें पोट ओरबाडतात. पोटांतील इंद्रियांना बरगड्यांचें कवच नसतें. तेथें सैल कातडें असलें कीं नख त्यांत अडकतें व आंतवर पोंचत नाहीं. दुसरा तर्क धांवण्याचा आहे. धांवतें मांजर धनुष्यासारखें वांकतें व बाणासारखें लांबतें. मागचे पाय पूर्ण ताणावयाचे तर पोटाचें कातडें ऐसपैस असणें सोयीचें. सदरा अंगाबरोबर बेताचा शिवला तर हात वर करतांना तो कांखेंत आंवळतो, तसेंच हें. तिसरा तर्क शिध्याचा आहे. शिकार करून पोट भरणाऱ्या प्राण्यास आज भरपूर मिळतें आणि उद्यां कांहींच मिळत नाहीं. सुगीच्या दिवशींची चरबी सांठविण्यास ही एक जागा. या तिन्ही तर्कांपैकीं कोणताही एक निर्विवाद ठरलेला नाहीं, आणि तिन्ही एकाच वेळीं खरे असण्यासही हरकत नाहीं.

आतां वजन उतरल्यावर ही घडी अधिक कां लोंबते तें पाहूं गेल्यास कारण सरळ आहे. कातड्यांत दोन प्रकारचे धागे असतात. एक बळकटी देणारे आणि दुसरे ताणून पुन्हां आंखडणारे. फुगा एकदां फुगवून लगेच सोडला तर तो बहुतेक पूर्ववत् होतो. परंतु महिनाभर फुगवून ठेवलेला फुगा हवा गेल्यावर सुरकुतलेला राहतो. मांजर चारपांच वर्षें लठ्ठ राहिलें तर त्याच्या कातड्याची तीच गत होते. आंतली चरबी जाते, पण तिच्याकरितां वाढलेलें कातडें मागें राहतें. त्यांत मूळची घडी असतेच. ती आतां रिकाम्या पिशवीसारखी दिसते. पूर्वीं भरलेली पिशवी घट्ट होती म्हणून ती हालत नव्हती. रिकामी झाली म्हणून ती हेलकावे घेऊं लागली. म्हणजे अधिक लोंबणें हें पथ्य फसल्याचें नव्हे, तर साधल्याचें लक्षण असूं शकतें. तरुण मांजराचें कातडें कांहीं महिन्यांत थोडेंफार आंवळतें. उतारवयांत तें तितकें आंवळत नाहीं. त्यासाठीं कोणतेंही तेल, मालीश किंवा औषध नको. घडीच्या आंत कातडें लाल होऊं लागलें, ओलसर राहूं लागलें किंवा दुर्गंधी येऊं लागली तरच पशुवैद्यास दाखवावें. एरव्हीं त्या घडीपासून मांजरास कांहींएक त्रास होत नाहीं.

मुळांत मांजर इतकें लठ्ठ होतेंच कां, हा प्रश्न येथें उपस्थित होतो. शिंकें तुटलें आणि बोक्याचें फावलें, ही म्हण ज्या काळीं रूढ झाली त्या काळीं बोक्याला वाट पाहावी लागे. शिंकें रोज तुटत नसे. मधल्या दिवसांत तो उंदीर मारी, कौलांवरून फिरे, शेजारच्या बोक्याशीं भांडे. आज शहरांतल्या घरांत शिंकेंच राहिलें नाहीं, आणि अन्नाची वाटी जमिनीवर दिवसभर भरलेली असते. मांजर चौथ्या मजल्यावर असतें, दार बंद असतें, खिडकीस जाळी असते. या गोष्टी त्याच्या जिवाच्या रक्षणासाठीं योग्यच आहेत. परंतु त्यांमुळें त्याचें हिंडणें फिरणें संपतें. नसबंदीनंतर शरीरास लागणारी शक्ति कमी होते आणि भूक मात्र वाढते. नसबंदी अवश्य करावी. फक्त त्यानंतर वाटींत काय व किती पडतें याकडे लक्ष ठेवावें, एवढाच याचा अर्थ.

यांत दुधाचा हिशेब विशेष ध्यानांत घेण्याजोगा आहे. चार किलो वजनाच्या, घरांतच राहणाऱ्या मांजरास दिवसाला साधारण २०० ते २५० कॅलरी पुरतात. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, म्हशीच्या दुधांत २०० हून अधिक कॅलरी असतात. म्हणजे आजींनीं मायेनें दिलेला एक पेला हें तोंड ओलें करणें नसून त्या जीवाचें जवळ जवळ दिवसभराचें जेवण असतें; आणि तें झाल्यावर त्यास खरें जेवण निराळें मिळतेंच. शिवाय मोठ्या वयाच्या पुष्कळशा मांजरांना दुधांतील साखर पचत नाहीं, त्यामुळें जुलाब होतात तें वेगळेंच. बाजारांत मिळणाऱ्या सुक्या खाद्याचीही तीच कथा आहे. त्याच्या १०० ग्रॅमांत साधारण ३५० ते ४०० कॅलरी असतात. तेव्हां दिवसाला ५५ ते ६५ ग्रॅम पुष्कळ झालें. डोळ्यांच्या अंदाजानें वाटी भरणारा मनुष्य याच्या दीडपट सहज घालतो. दहा ग्रॅमांची चूक माणसाच्या ताटांत दिसत नाहीं. मांजराच्या वाटींत ती सहावा हिस्सा असते.

दूधपोळी व दूधभात यांवर मांजर पोसणाऱ्या घरांनीं आणखी एक गोष्ट जाणून असावी. मांजर हा पूर्ण मांसाहारी प्राणी आहे. टॉरिन नांवाचें एक द्रव्य त्यास मांसांतूनच मिळवावें लागतें. पुरेसें तें त्याच्या शरीरांत तयार होत नाहीं. त्याच्या अभावीं मांजराची दृष्टि जाते हें १९७५ सालीं, आणि त्याचें हृदय दुबळें होऊन फुगतें हें १९८७ सालीं संशोधकांनीं दाखवून दिलें. तेव्हां वजन उतरविण्यासाठीं मांसाहार तोडून नुसता भात चालू करणें हा उपाय उलटा आहे. घरचें मांस देतांनाही तें उकडून, बिनमसाल्याचें द्यावें. कांदा व लसूण यांनीं मांजराच्या रक्तांतील तांबड्या पेशी नष्ट होतात.

लठ्ठपणाकडे गंमत म्हणून पाहण्याची वृत्ति जगभर आहे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतांत हिमी नांवाचें मांजर होतें. त्याचें वजन २१.३ किलो भरलें व जगांतील सर्वांत वजनदार मांजर म्हणून त्याची नोंद झाली. १९८६ सालीं, अवघें दहा वर्षांचें असतां, श्वसनक्रिया बंद पडून तें मेलें. पुढें विक्रमांची नोंद ठेवणाऱ्या गिनेस या ग्रंथाच्या चालकांनीं हा विक्रमच स्वीकारणें बंद केलें; कारण तो मोडण्यासाठीं लोक मांजरांना मुद्दाम चारूं लागतील अशी भीति होती. २०१२ सालीं अमेरिकेंतील सांता फे येथील प्राण्यांच्या आश्रमांत सुमारें १८ किलोंचा म्याव नांवाचा दोन वर्षांचा बोका आला. त्याची वृद्ध मालकीण त्याची देखभाल करण्यास असमर्थ झाली होती. त्याला पथ्यावर ठेवलें, वजन उतरूंही लागलें, परंतु थोड्याच आठवड्यांत फुप्फुसें निकामी होऊन तो गेला. २०२४ सालीं रशियांतील पेर्म शहरांत एका इस्पितळाच्या तळघरांत क्रोशिक नांवाचा सुमारें १७ किलोंचा बोका सांपडला. दयाळू लोकांनीं त्याला सूप व बिस्किटें खाऊं घालून त्या अवस्थेस नेलें होतें. त्याचेंही वजन उतरत होतें. पण त्याच वर्षीं तो वारला, आणि त्याच्या शरीरांत झालेल्या गांठी चरबीच्या थरांमुळें तपासणींत दिसल्या नव्हत्या असें सांभाळ करणाऱ्यांनीं कळविलें. या तिन्ही मांजरांवर कोणीं दुष्टपणा केलेला नव्हता. त्यांना लोकांनीं प्रेमानेंच खाऊं घातलें होतें.

सामान्य लठ्ठ मांजराचें दुःख इतकें ठळक नसतें, पण तें असतें. अमेरिकेंत १९९८ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत असें दिसून आलें कीं, लठ्ठ मांजरास मधुमेह होण्याचा संभव बेताच्या वजनाच्या मांजरापेक्षां सुमारें चौपट असतो, आणि लंगडेपणासाठीं पशुवैद्याकडे नेण्याची पाळी सुमारें पांचपट येते. म्हणून वजन उतरविणें योग्यच आहे. प्रश्न आहे तो केव्हां थांबावें याचा, आणि किती वेगानें चालावें याचा.

आतां त्या पुण्याच्या घरीं परत जावें. नातवानें पोट पाहिलें आणि निश्चय केला कीं, हें पोट गेलेंच पाहिजे. त्यानें वाटींतलें अन्न एकदम निम्म्यावर आणलें, आणि नेहमींचें खाद्य बदलून दुसरेंच आणलें. बोक्यानें तें हुंगलें व तो निघून गेला. आजी म्हणाल्या, "अरे, त्यानें तोंडसुद्धां लावलं नाहीं." नातू म्हणाला, "आजी, तूं लक्ष नको देऊंस. भूक लागली कीं झक मारत खाईल."

मुलांच्या बाबतींत हें तत्त्व अनेक घरांत चालतें. कुत्र्याच्या बाबतींतही पुष्कळदां चालून जातें. मांजराच्या बाबतींत तें चालत नाहीं. मांजर अनोळखी अन्नापुढें हट्टानें उपाशी राहूं शकतें, आणि उपाशी राहणें हेंच त्याला सोसत नाहीं. अन्न मिळेनासें झालें कीं शरीर सांठविलेली चरबी मोकळी करतें व ती रक्तांतून यकृताकडे जाते. माणसाचें किंवा कुत्र्याचें यकृत ती बऱ्याच अंशीं हाताळूं शकतें. मांजराचें यकृत या कामीं दुबळें आहे. आलेली चरबी वापरणें किंवा पुढें पाठविणें त्यास त्या वेगानें जमत नाहीं, आणि त्यासाठीं लागणारीं द्रव्यें तर अन्नांतूनच यावयाचीं असतात. चरबी यकृताच्या पेशींतच सांचत जाते, पेशी फुगतात, पित्ताचा मार्ग कोंडतो, आणि कावीळ होते. कावीळ झाली कीं मळमळ होते. मळमळ झाली कीं अन्न नकोसें वाटतें. अन्न गेलें नाहीं कीं आणखी चरबी यकृताकडे धांवते. हें चक्र दोनतीन दिवसांच्या उपासानेंही सुरू होऊं शकतें. लठ्ठ मांजरांत व नुकतींच लठ्ठपणांतून उतरत असलेल्या मांजरांत त्याचा धोका सर्वांत अधिक. म्हणजे ज्या मांजराला पथ्यावर ठेवावयाचें, त्यालाच उपासाचें भय सर्वाधिक, असा हा पेंच आहे.

तिसऱ्या दिवशीं बोका पलंगाखालून बाहेर येईना. तोंडांतून लाळ गळत होती. सुनेनें त्याला ओढून मांडीवर घेतलें व कानाची पाळी उजेडाकडे धरली, तों आंतलें कातडें हळदीसारखें पिवळें दिसलें. ती म्हणाली, "आई, याला आत्तांच्या आत्तां न्यायला हवं." डॉक्टरीणबाईंनीं बरगड्यांवरून हात फिरविला, पोटाची घडी दोन बोटांत धरून पाहिली, रक्त तपासावयास घेतलें, आणि नातवास विचारलें, "याचं अन्न कमी कोणीं केलं?" नातू गप्प राहिला. "पोट लोंबतंय म्हणून केलंत ना? हें रिकामं कातडं आहे. याच्या अंगावर आतां कमी करण्यासारखं फारसं कांहीं राहिलेलं नाहीं." पुढें त्यांनीं मानेच्या बाजूनें अन्ननलिकेंत एक बारीक नळी बसविली. तिच्यांतून पातळ अन्न, दिवसांतून पांचसहा वेळां, थोडें थोडें, सिरिंजनें घालावयाचें. तोंडानें स्वतः खाऊं लागेपर्यंत, मग त्याला कितीही आठवडे लागोत. या रोगावर मुख्य औषध अन्न हेंच आहे. वेळेवर तें पोटांत गेलें तर बहुतेक मांजरें वांचतात. न गेलें तर बहुधा दगावतात.

अशी वेळ येऊं नये म्हणून करावयाच्या गोष्टी अवघड नाहींत. पहिली गोष्ट, मांजराचें वजन पोटाकडे पाहून ठरवूं नये. बरगड्यांना हात लावून ठरवावें. त्यासाठीं माप प्रत्येकाच्या हातांतच आहे. मूठ घट्ट मिटून बोटांच्या सांध्यांवरून दुसऱ्या हाताचीं बोटें फिरवावींत. बरगड्या तशा टोंचूं लागल्या तर मांजर फार वाळलेलें आहे. मग हात सरळ पसरून पंजाच्या मागील बाजूवरून बोटें फिरवावींत; हाडें कळतात पण वर पातळ आवरण असतें; बरगड्या तशा लागल्या तर मांजर ठीक आहे. शेवटीं तळहाताच्या गुबगुबीत भागावरून बोटें फिरवावींत. बरगड्या तशा दबलेल्या असल्या तर चरबी अधिक आहे. मांजर उभें असतां वरून पाहावें. बरगड्यांच्या मागें कंबर किंचित् आंत गेलेली दिसली पाहिजे. पशुवैद्य हीच परीक्षा एक ते नऊ अशा अंकांत मांडतात. मांजरांसाठीं ही पद्धत लाफ्लाम या अमेरिकन पशुवैद्य विदुषींनीं १९९७ सालीं प्रसिद्ध केली. तींत पांच हा अंक उत्तम, आणि लोंबती घडी असूनही मांजर पांचावर असूं शकतें.

दुसरी गोष्ट तराजूची. मांजर स्वस्थ बसत नसेल तर त्याला कडेवर घेऊन कांट्यावर उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. पिल्लासाठीं किंवा शांत मांजरासाठीं स्वयंपाकघरांतला कांटा अधिक बरा. वजन दर आठवड्यास लिहून ठेवावें. आठवड्याला शेंकडा अर्धा ते दोन टक्के, याहून अधिक वेगानें तें उतरूं नये. सहा किलोंच्या मांजरास याचा अर्थ आठवड्याला ३० ते १२० ग्रॅम. शेंकडा एक या वेगानें सहा किलोंवरून साडेचार किलोंवर यावयास सुमारें सात महिने लागतात. हा काळ लांब वाटतो. परंतु चढावयास पांच वर्षें लागलीं हें विसरूं नये. खाद्य बदलावयाचें तर आठदहा दिवसांत, जुन्यांत नवें थोडें थोडें मिसळून बदलावें. आणि पथ्यावर असो वा नसो, मोठ्या मांजरानें चोवीस तास अन्नास तोंड लावलें नाहीं तर पशुवैद्यास विचारावें. पिल्लाच्या बाबतींत तितकाही वेळ थांबूं नये.

तिसरी गोष्ट, प्रत्येक मोठें पोट म्हणजे ही निरुपद्रवी घडी, असा उलटा समजही करून घेऊं नये. घडी मऊ, सैल, बोटांत धरतां येणारी व हालणारी असते. पोट गोल व तटतटीत झालें, पाठीचा कणा वर आला आणि पोट खालीं फुगलें, किंवा थोड्या दिवसांत आकार बदलला, तर आंत पाणी सांचणें, गर्भाशयांत पू होणें, गांठ वाढणें अशी अनेक कारणें असूं शकतात. पिल्लांत जंतांमुळेंही पोट फुगतें. तसेंच पथ्य नसतांना वजन आपोआप उतरूं लागलें तर आनंद मानूं नये. म्हाताऱ्या मांजरांत कंठग्रंथीचा अतिरेक, मूत्रपिंडाचा विकार, मधुमेह यांची ती पहिली खूण असते. बोका खातोही भरपूर आणि वाळतोही, असें दिसल्यास तर अधिकच सावध व्हावें.

त्या घरीं नळी पांच आठवडे राहिली. रात्रीची व पहाटेची पाळी आजींनीं मागून घेतली. त्यांना झोंप कमीच असे. दुधाचा पेला चोरून पुढें सरकविणारा तो हात आतां सिरिंजवरचे आंकडे चष्म्यांतून दोनदां वाचून मगच दट्ट्या दाबूं लागला. दुपारची पाळी नातवाची असे. तो भिंतीवर वजनाचा तक्ता लावून दर रविवारीं त्यांत आंकडा लिही. चौथ्या आठवड्यांत एके सकाळीं बोक्यानें आजींच्या ताटाशेजारीं ठेवलेल्या स्वतःच्या वाटींतला एक तुकडा उचलला, चावला, आणि दुसऱ्याकडे पाहिलें. आजींनीं कोणाला हांक मारली नाहीं. हांकेनें तो बिचकेल अशी त्यांना भीति वाटली.

आतां तो बोका साडेचार किलोंचा आहे. तो चालूं लागला कीं त्याचें पोट पूर्वीसारखेंच डावीउजवीकडे झुलतें. पाहुणे म्हणतात, "फार खातो वाटतं हा!" तेव्हां नातू त्यांचा हात धरून बोक्याच्या बरगड्यांवर ठेवतो.